मेहुण्याचा कडा

गाडी इथंच थांबवतो. फोटो नंतर काढा, आधी समोर बघा. न्हाव्यानं मशीन फिरवावी तसा हा सगळा डोंगर कमरेएवढ्या चहाच्या झुडपांचा, आणि कड्याच्या कडेला ती एकच ओळ दोन पुरुष उंच वाढलेली. पाहुणे विचारतात, ही कसली झाडं? अहो, तोही चहाच. छाटला नाही की चहाचं असं झाड होतं, त्याला पांढरी फुलं येतात आणि फुलांवर मधमाश्या. या ओळीला कोणी कोयता लावत नाही. मी शेडगे, मूळचा पाटणचा, पण चाळीस वर्षं या नीलगिरीत मळ्याचा ट्रक चालवला, आता तुमच्यासारख्यांना फिरवतो. पदरचं काही सांगणार नाही. इथली माणसं सांगतात तेच सांगतो.

या डोंगरात तोडा, कोटा, बडगा, कुरुंबा अशी नाना माणसं. आपली गोष्ट दोघांचीच, बडगांची आणि कुरुंबांची. चार-पाच पिढ्या झाल्या असतील, मळा तेव्हा नवा होता म्हणे. बडगा वरच्या गावांतले शेतकरी. कुरुंबा खाली रानात राहणारे, दोरावरून कडा उतरून आग्या मोहोळाचा मध काढणारे. बडगांना त्यांची भारी भीती. म्हैस मेली तरी म्हणायचे, कुरुंबानं करणी केली. बायका एकाच मळ्यात खुडायला यायच्या, पण ओळी वेगळ्या.

आता मधाची रीत ऐका. नवरा दोरावर लटकला की वर दोर कोणी राखायचा? त्याच्या बापानं नाही, सख्ख्या भावानंही नाही. बायकोच्या भावानं. दोर सुटला तर त्याचीच बहीण विधवा होणार ना! आपल्या भाषेत सांगायचं तर खाली बहिणीचं कुंकू लोंबकळत असतं, मग तो हात सैल सोडेल होय?

तर मासी नावाची एक कुरुंबा बाई होती. एका सालच्या तापात तिचा एकुलता एक भाऊ गेला. नवरा बोम्मन चांगला धडधाकट, पाड्यात मध उतरवणारा तोच एक उरलेला, पण मेहुणा नाही म्हणून दोन मोसम दोर खुंटीला. सगळा पाडा त्या मधावर जगायचा. मासी एकटी चहा खुडून किती जणांना पुरणार? तिसऱ्या मोसमाला बोम्मन म्हणाला, दोर खोडाला बांधतो आणि एकटाच उतरतो. एकटा उतरलेला माणूस परत वर आल्याचं त्या पाड्यात कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच तापात हालन नावाच्या बडगा तरुणाची बहीण गेली होती. कड्याकडची ही ओळ तिची. तिच्यामागं ती ओळ खुडायला हालन स्वतः उभा राहिला. खुडणं बायकांचं काम, लोक हसायचे. त्याला जमायचंही नाही, दांडे, जून पानं, हाताला येईल ते ओरबाडायचा. शेजारच्या ओळीतून मासीनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी न बोलता पुढं झाली आणि त्याच्या झुडपावर खुडून दाखवलं, दोन पानं आणि एक कोंब. एवढीच त्यांची ओळख.

मध उतरवायच्या आदल्या दिवशी मासीनं तो दोर आणला आणि हालनच्या टोपलीशेजारी ठेवला.

"तुला बहीण नाही, मला भाऊ नाही," ती म्हणाली. "उद्या माझा नवरा उतरतोय."

घरी हालनच्या आईनं घर डोक्यावर घेतलं. एक लेकरू तापानं नेलं, आता दुसरं कुरुंबाच्या हाती देऊ काय, म्हणाली. तिचंही काय चुकलं हो? हालनही घाबरलाच होता, करणीच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झालेला. तरी सकाळी तो कड्यावर आला.

दोर एका जुन्या खोडाला बांधला, बोम्मन उतरला. धुरानं माश्या उठल्या, वारा फिरला, आणि सगळं मोहोळ हालनवर आलं. त्यात ते खोडही मुळातून हललं. हालननं दोर कमरेला गुंडाळला, आडवा झाला आणि बहिणीच्या झुडपांना दोन्ही हातांनी मिठी मारली. चहाचं झुडूप दिसतं एवढंसं, पण मुळं खोल. माश्या तोंडावर बसल्या, डोळ्यांवर बसल्या. त्यानं एकही झटकली नाही, कारण झटकायची तर हात सोडावा लागतो. बोम्मन वर आला तेव्हा हालनची बोटं उघडेनात, एकेक करून सोडवावी लागली.

हालन जगला, पण त्याचा डावा डोळा पुन्हा उघडला नाही. मासीनं त्या झुडपांना कोयता न लावण्याची शपथ घातली. मुकादम ऐकेना, तेव्हा बडगा आणि कुरुंबा बायका टोपल्या पालथ्या घालून पहिल्यांदाच एका ओळीत बसल्या, आणि तो नमला. आणि हालनची आई म्हणे स्वतः रानात उतरून मासीच्या दारात गेली. म्हणाली, "माझी लेक सणाला घरी यायची. आता तू येत जा."

आजही या मळ्यात ज्या बाईला भाऊ नाही, ती मनात येईल त्याच्यासमोर दोर ठेवते. जात, भाषा विचारायची नाही. ज्याच्यापुढं ठेवला त्यानं उचलायचा.

सत्तावीस वर्षांपूर्वी केंची नावाच्या कुरुंबा बाईनं तो माझ्यापुढं ठेवला. मी ट्रकखाली पाना फिरवत होतो. म्हटलं, बाई, मी साताऱ्याकडचा, मला यातलं काय कळतं? ती हलेचना. तळहातावरचे हे वळ तेव्हापासूनचे. यंदाचा मध उद्या उतरवायचा, आणि माझा उजवा हात थरथरायला लागलाय. म्हणून गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन सांगितलं, आता दुसरा भाऊ बघ, माझ्या हातून तुझं वाटोळं नको. तिनं फक्त चहा दिला. आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर दोर, आणि त्याच्या टोकाला माझ्या कमरेच्या मापाचा पट्टा विणलेला.

उद्या तुम्हाला फिरवायला दुसरा ड्रायव्हर येईल.