कोकराच्या नाण्याला पाडलेलं भोक

एकदा एक वृद्ध गृहस्थ शांतीची नाणी जमवत असत. जुन्या काळी जर्मन देशात मोठं युद्ध थांबलं, की तिथली काही शहरं त्याची आठवण म्हणून सोन्याची नाणी पाडत. त्यांतली थोडी या वृद्धांनी आयुष्यभर शोधून मिळवली होती. ती मखमलीच्या पेटीत असत. हात धुऊन, पुसून, नाणं कडेनेच धरायचं, असा त्यांचा नियम होता.

त्यांतल्या सर्वांत सुंदर नाण्यावर एक कोकरू होतं. पृथ्वीच्या गोलावर उभं, जवळ शांतीचं निशाण. इतक्या काळात त्याला एक ओरखडासुद्धा पडला नव्हता.

वृद्धांचा एक तरुण शिष्य होता. हुशार, पण ताठ मनाचा. थोरल्या भावाने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला, तेव्हापासून तो वेगळा राहत होता. पुढे त्याला मुलगी झाली, बारसं झालं, पण भावाकडे निरोप गेला नाही. आई मात्र भावाच्याच घरी होती, आणि आता तिने अंथरूण धरलं होतं. वैद्यांनी आशा सोडली होती. ती सारखी म्हणे, "धाकट्याची पोर एकदा माझ्या मांडीवर द्या." इकडे शिष्याची बायको रोज बाळाला काजळ-तीट लावून तयार ठेवी, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसे.

एके दिवशी जुन्या नाण्यांचा एक व्यापारी कोकराचं नाणं बघायला आला. शिष्य ते अलगद दाखवत असताना वृद्धांनी विचारलं, "आईला भेटून आलास का रे?"

"नाही, गुरुजी. दादाने आधी माफी मागावी. मनात काही शिल्लक राहता कामा नये. समेट करायचा तर या नाण्यासारखा, निष्कलंक."

"आणि तोवर आई थांबेल?"

शिष्य नाणं परत मखमलीत ठेवू लागला.

वृद्ध उठले. हात न धुताच त्यांनी नाणं मुठीत घेतलं आणि समोरच्या सोनाराकडे गेले. दोघे मागोमाग धावले.

"याला भोक पाड. दोरा जाईल एवढं."

व्यापारी ओरडलाच, "अहो आजोबा, डोकं ठिकाणावर आहे ना? भोक पडलेल्या नाण्याला आमच्यात कुत्रं विचारत नाही!"

सोनारही चाचरला. "कोकराला लागेल हो."

"कडेला पाड. निशाणाला थोडं लागलं तर लागू दे."

सोनाराने टोकदार हत्यार टेकवून ठोका दिला. शिष्याने डोळे मिटून घेतले. "गुरुजी, हे काय केलंत!"

वृद्ध शांतपणे म्हणाले, "अशी नाणी तिकडे लेकराच्या नामकरणाला देत असत. आपल्या बायका पुतळ्या ओवून माळ करतात ना, तसं हेही ओवून गळ्यात बांधावं. पण भोक पाडल्यावाचून ओवणार कसं? निष्कलंक होतं, म्हणून पेटीतच राहिलं. मी त्याची राखण केली, पण त्याने कुणाच्या घरी शांती नेली नाही. तू म्हणतोस तो समेटही तसाच, सुंदर, पण पेटीतला. घरात वागवायचा समेट हवा असेल, तर कुणाला तरी टोचून घ्यावं लागतं. दादा घेत नाही. मग तू घे. आणि हे तुझ्या पोरीला."

"पण तो पुन्हा टाकून बोलला तर?"

"बोलेल. नक्कीच बोलेल."

शिष्याने घरी जाऊन नाणं दोऱ्यात ओवून मुलीच्या गळ्यात बांधलं, आणि बायको-मुलीला घेऊन तो तसाच भावाच्या दारी पोचला. भाऊ ओसरीवर उभा होता.

"या, या! सवड झाली वाटतं राजेसाहेबांना? म्हटलं, तिरडीलाच हात लावायला येताय!"

शिष्याच्या ओठावर उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं. "दादा, आई जागी आहे का?"

भाऊ पुढचं बोलायला गेला. तेवढ्यात वहिनीने बाहेर येऊन बाळ उचललं. "अगंबाई, नाक तर सासूबाईंचंच!" म्हणत ती आत गेलीसुद्धा. आतून आईचा क्षीण आवाज आला, "आणा गं, इकडे आणा."

भाऊ दारातून बाजूला सरकला. "चप्पल काढ अन् ये," तो म्हणाला.

भांडणात आपली बाजू खरी असली, तरी आधी जाणाऱ्याला थोडं टोचतंच. तेवढं सोसावं, कारण म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं आपला राग निवेपर्यंत थांबून राहत नाहीत.