बसायला जागा नसलेलं राज्य

एका राज्यात प्रचंडसेन नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात आसन एकच, सिंहासन. बाकी सारे उभे. एके दिवशी ग्रीसच्या यवन व्यापाऱ्यांनी त्याला एक कुंभ नजर केला. कुंभ काळा कुळकुळीत, आणि त्यावर तांबूस रंगात आसनस्थ देवी, खांद्यावर पिंगळा, म्हणजे छोटं घुबड.

राजा गरजला, "माझ्यासमोर बसतेस? ऊठ!"

देवी उठली. खोटं वाटत असेल तर दरबारच्या खांबांना विचारा. म्हणाली, "जिथं मला जागा नाही, तिथं कुणालाच नाही." आणि कुंभातून चालती झाली. पिंगळा तेवढा मागे राहिला.

त्या क्षणापासून राज्यात माणसा-जनावरांचे गुडघे वाकेनात. लोक खांबाला टेकून झोपू लागले. न्हावी शिडीवर चढून हजामत करू लागले. राजचित्रकारांनी सात कुंभांवर सोन्याची देवी रंगवली. सातही वेळा ती ओघळून गेली.

तानू कुंभारणीची लेक सगुणा नऊ महिन्यांची गरोदर. ती रडली, "आये, पायांत जीव नाही गं. उभ्यानंच बाळंत होऊ का?"

तानू तडक राजवाड्यात गेली आणि कुंभावरच्या पिंगळ्याला म्हणाली, "पिंगळोबा, उपाय सांगा."

"आधी मला नीट बघ."

तिनं निरखलं. "अगंबाई! तुम्हाला कुणी रंगवलंच नाही. भोवतीनं काळं केलं, तुम्ही नुसती कोरी माती!"

"चित्रकारांना हेच दिसलं नाही. आता तीन वस्तू मिळव. मांत्रिकाच्या तळ्यातली माती, कुंचल्याला वाघाच्या कानातले केस, आणि कुंभ भाजायच्या आव्याला सरपण म्हणून राजाचं सिंहासन."

मांत्रिक तळ्यात बगळ्यासारखा उभा होता. म्हणाला, "माती हवी तेवढी ने बाई, फक्त घटकाभर टेकायला खांदा दे." वाघ म्हणाला, "मूठभर केस घे, पण लवकर आटप. पाय भरून आलेत."

राजा मात्र भडकला. "सिंहासन? जाळायला?"

"महाराज, त्यावर बसतंय कोण?"

राजानं दाराकडे पाहिलं. दोन बाया सगुणेला काखांत हात घालून धरून उभ्या होत्या. तिला कळा सुरू झाल्या होत्या. त्यानं स्वतः कुऱ्हाड उचलली.

कुंभारवाड्यात राजासमोर तानूनं उभ्यानंच चाक फिरवलं, कुंभ घडवला. देवीची जागा कोरी ठेवून वाघाच्या केसांच्या कुंचल्यानं भोवती काळा लेप दिला. माती मंत्राची, सिंहासनाच्या जाळावर घटकेत भाजून निघाली. कुंभ देखणा झाला. पण कोरी जागा कोरीच.

"आता काय?" राजानं विचारलं.

"घरी कुणी आलं की आपण काय म्हणतो, महाराज?"

राजानं हे जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. तो अडखळला. मग हात जोडून म्हणाला, "या, आई. बसा."

कोऱ्या मातीत डोळे उघडले, पदराच्या चुण्या पडल्या. देवी येऊन बसली. जुन्या कुंभातला पिंगळा भुर्रकन तिच्या खांद्यावर गेला. आणि अवघं राज्य धपकन खाली बसलं! वाघ बसला, मांत्रिक तर पाण्यातच बसला. सगुणा आईच्या मांडीवर रेलली. सूर्य कलायच्या आत तिला मुलगी झाली.

राजा कुंभारवाड्यातल्या गोणपाटावर बसला होता. बाळाचं रडं ऐकून तो सरकला आणि सुईणीला म्हणाला, "दमलात. इथं बसा."

तेव्हापासून त्या दरबारात सिंहासन नाही, सतरंज्या आहेत. मीही एका कोपऱ्यात बसून आलोय. जागा आपणहून राजानंच करून दिली.