लिंबू-मिरचीची अदलाबदल

दूध संघाची जुनी पिकअप घाटातून उतरवताना कोंडिबा ढेबे एका हाताने स्टिअरिंग धरायचा आणि दुसऱ्याने काच पुसायचा. हीटर तिसऱ्यांदा बंद पडला होता. काचेवर वाफ धरली, की दरी कुठे तेही कळत नसे.

त्याने चेअरमन बापूसाहेबांना सांगितलं, तेव्हा ते सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "अरे भित्र्या, गाडीला लिंबू-मिरची बांधून दिलीय ना मी? तुला काही होत नाही!"

"मग असं करू, बापूसाहेब. लिंबू-मिरची तुमच्या गाडीला बांधतो, तुमचा हीटर माझ्या गाडीला द्या."

ड्रायव्हर हसले. चेअरमन हसले नाहीत.

दुपारी पिकअपला नवा हीटर बसला आणि संध्याकाळी नवा ड्रायव्हर. किल्ली त्याच्या हातात देत कोंडिबा म्हणाला, "जा बाबा, तुला तरी वळण दिसेल."