बोळाची पाटी

एका गावात एक पाट्या रंगवणारा राहायचा. मंगळवारी सकाळी तो चटणी-भाकरी खात बसला होता, तेव्हा बोळातली म्हातारी दारात आली.

"बोळाची भिंत गेली रे. माझ्या गोवऱ्यांसकट."

"पडली?"

"पडली असती तर विटा दिसल्या असत्या. भिंतच नाही. बोळ पुढे जातोय."

आळीत माणसं राहतात, गल्लीतून पलीकडे निघता येतं आणि बोळ भिंतीशी संपतो, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण पंचायतीला गाव शहरासारखं दिसायला हवं होतं. ठराव झाला, सगळ्यांना 'रोड' म्हणायचं. त्याने आठवडाभरात सगळ्या पाट्या रंगवल्या. बोळाचीही.

"रोड म्हटल्यावर त्याला कुठेतरी जावंच लागणार," म्हातारी म्हणाली. "सकाळी एक कासार आत शिरला. त्याच्या बांगड्या अजून किणकिणतायत, लांब लांब जातायत. पुसून टाक ती पाटी."

त्याने जाऊन पाहिलं. बोळ सरळ पुढे गेला होता. दोन्ही बाजूंना घरं होती, पण एकालाही दार नव्हतं. ऊन होतं, सावली कशाचीच नव्हती.

'बोळ' लिहायला त्याला पाच मिनिटं लागली असती.

"ठरावाशिवाय पुसता येत नाही, आजी. सोमवारी सभेत विचारतो."

"विचार हो. ब्रश तुझा, रंग तुझा, हात तेवढा सरपंचाचा!"

गुरुवारी दुपारी त्याचा धाकटा भाऊ सहा वर्षांनी त्याला भेटायला आला. एसटीतून उतरून तो बोळाशी थांबला, पाटी वाचू लागला.

"तिकडून वाट नाही, बाळा," म्हातारीने हटकलं.

"रोड लिहिलंय की, आजी. आणि अक्षर माझ्या दादाचं आहे. तो खोटं कशाला लिहील?" तो हसत आत गेला.

कळताच पाट्यावाला रंगाचा डबा घेऊन धावला. आतून भावाचा आवाज येत होता, "दादा, अजून किती लांब?" त्याने हाका मारल्या. आवाज लांबच जात राहिला. मग त्याने घाईने ब्रश रंगात बुडवला.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. "आता नको. भिंत परत आली, तर तो पलीकडेच राहील."

ब्रश वाळेपर्यंत तो तिथे उभा होता. पाटी त्याने अजून पुसलेली नाही.

तात्पर्य: आपली चूक कळली, की त्याच दिवशी पुसावी. पुढे ती पुसायचीही भीती वाटते.