भैरवकुंडाचं भंगार

“मग उद्या काय खिळ्यांची आरती करायची का आम्ही, बाबा?”

भालचंद्राचा आवाज एवढा चढला, की ओवरीतली कबुतरं फडफडून उडाली.

सहजगीर बाबा पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आरती नको,” ते म्हणाले. “पण ते पोतं गाडीत जाणार नाही.”

मठाच्या दारात भंगाराचा टेम्पो उभा होता. भालचंद्रानेच बोलावलेला. पोतं दाराशी ओढून आणेपर्यंत त्याचा घाम निघाला होता, आणि आता बाबा म्हणत होते की नेऊ नको.

मठामागच्या भैरवकुंडाचा गाळ यंदा काढला होता. पाणी उपसलं, गाळ अंगणात पसरला, आणि त्यातून धातू हुडकायचं काम भालचंद्राने अंगावर घेतलं. मठात येण्याआधी तालुक्याच्या गावी त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हुडकायचं यंत्र त्याने स्वतःच जुळवलं. कानाला हेडफोन लावून उन्हातान्हात त्याने या गाळापायी जिवाचं रान केलं. यंत्राचा नुसता सूर ऐकून तो सांगायचा, हा खिळा, हे बाटलीचं बूच, हे नाणं. चुकायचा नाही. आणि आपण चुकत नाही हे चार लोकांना सांगायलाही चुकायचा नाही.

उद्या शिवरात्र होती. मठाची रीत अशी, की कुंड साफ झालं की नवं पाणी सोडण्याआधी गाळातून निघालेल्या वस्तूंचं एक ताट पुन्हा कुंडाला वाहायचं. ज्याच्या हातून ते ताट वाहिलं जाईल त्याला त्याच दिवशी भगवं वस्त्र मिळायचं. यंदा ते भालचंद्राला मिळणार होतं. त्या वस्त्रासाठीच तो इतकी वर्षं मठात झाडलोट करत, चुलीपुढे धूर खात थांबला होता.

ताट त्याने सकाळीच मांडलं होतं. मधोमध चिंचेने घासलेले राणीछाप रुपये आणि भोवती तांब्याच्या शिवराया. कोणीही पाहावं आणि पाहतच राहावं असं ताट.

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, “हे नको. पोत्यातलं मांड.”

झालं! भालचंद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि का जाऊ नये? राबराब राबायचं आपण, आणि कौतुक व्हायचं भंगाराचं?

“पोत्यात काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?” तो म्हणाला. “गंजके खिळे. बैलांच्या खुरांना ठोकायच्या झिजलेल्या पत्र्या. डब्यांची झाकणं. गुटख्याच्या पुड्यांचा चंदेरी कागद! मेला तो कागद थेट चांदीसारखा वाजतो. पहिल्या पहिल्यांदा त्याने मला किती फसवलं. मग कान तयार झाला. आता नाणं कुठलं आणि कचरा कुठला, ते मी झोपेतही सांगेन.”

“सांगशील,” बाबा म्हणाले.

“मग देवाच्या ताटात हा कचरा?”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला.

“रुपये कुठे सापडले?”

“खालच्या पायरीच्या फटीत. सगळे एका जागी.”

“कशात होते?”

“चामड्याच्या पिशवीत. कुजली होती ती. वर दगड बसवलेला होता कोणीतरी.”

“दगड बसवला होता…”

“हो.”

“मग ते देवाला वाहिले कोणी?”

असा विचार भालचंद्राने केलाच नव्हता. सूर खणखणीत होता, एवढं त्याला पुरलं होतं.

“ज्याने ठेवले त्याला देवाला काही द्यायचं नव्हतं,” बाबा म्हणाले. “देवाच्या आडोशाला लपवायचं होतं. तलाठ्याला निरोप गेलाय. तो येऊन घेऊन जाईल.”

त्यांनी रुपये वेचून एका फडक्यात बांधले. ताटात शिवराया उरल्या. बाबांनी त्या ओंजळीत घेतल्या, पोत्यापाशी गेले, आणि सगळ्या आत ओतल्या. खिळ्यांत, झाकणांत, गुटख्याच्या कागदांत.

“बाबा!”

तो जवळजवळ किंचाळला. एकेक नाणं त्याने बोटांची सालपटं निघेपर्यंत निवडलं होतं, आणि हा म्हातारा ते पुन्हा कचऱ्यात कालवत होता. त्याला बाबांचा राग आला. शिष्याला यावा तसा लपतछपत नव्हे, चांगला खराखुरा राग आला. याला नाण्याची किंमत नाही आणि माणसाच्या कष्टांचीही नाही, असं त्याला वाटलं.

“मला भगवं द्यायचंच नसेल तर सरळ सांगा,” तो म्हणाला. “असा पाणउतारा कशाला करता?”

दारातून हॉर्न वाजला. टेम्पोवाला युनूस खिडकीतून डोकावला.

“महाराज, काय ठरलं? मला अजून वरच्या वाडीला जायचंय.”

“ये, चहा घे आत,” बाबा म्हणाले. “मग जा.”

युनूस कुरकुरत उतरला आणि स्वयंपाकघराकडे गेला.

बाबा पुन्हा पायरीवर बसले.

“भालचंद्रा…”

“काय?” तो फटकन म्हणाला.

“इथे आलास त्या दिवशी कुंडात काय टाकलं होतंस?”

“किल्ली. दुकानाच्या शटरची.”

भैरवकुंडाची ही जुनी चाल आहे. ज्याला आयुष्यातलं एखादं दार कायमचं लावून घ्यायचं असतं, तो त्या दाराची किल्ली या कुंडात टाकतो. भालचंद्राचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं दुकानावरून झालेलं भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते. एके दिवशी भालचंद्राला त्या सगळ्याचा वीट आला. दुकान भावाला सोडून तो इथे आला आणि किल्ली त्याने पाण्यात टाकली.

“टाकून आलास तेव्हा रडत होतास,” बाबा म्हणाले.

“…हो.”

“याच पायरीवर.”

“हो.”

“सापडली?”

भालचंद्राला यंत्राचा सूर आठवला.

किल्ल्या वाजल्या होत्या. कितीतरी वाजल्या होत्या. लोखंडाचा तो घोगरा, खरवडल्यासारखा सूर कानात आला की तो वाकून बघतसुद्धा नव्हता. चिमट्याने उचलायचं आणि पाठीमागे पोत्यात भिरकवायचं. वर “भंगार!” असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे बघायला जमलेल्या लोकांनाही त्याच्या कानाची कमाल कळावी.

त्याने पोत्याकडे पाहिलं. तेच पोतं त्याने आत्ता स्वतःच्या हाताने गाडीपर्यंत ओढत नेलं होतं.

तो पोत्यापाशी गेला. पोतं अंगणात उपडं केलं आणि त्या ढिगासमोर गुडघे टेकले. खिळे, पत्र्या, झाकणं दोन्ही हातांनी बाजूला लोटत तो किल्ल्या वेचू लागला. पेटीच्या बोटभर किल्ल्या होत्या. जुन्या दारांच्या वीतभर लांब होत्या. शटरच्या तर कितीतरी होत्या, आणि गंजून सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. तो एकेक किल्ली धोतराच्या सोग्याला पुसायचा, उन्हात धरायचा, अंगठ्याने दाते चाचपायचा. ही असेल… नाही, ही… नाही.

“यंत्राला विचार,” बाबा म्हणाले.

कोणाला ही थट्टा वाटली असती, पण भालचंद्र खरंच आत जाऊन यंत्र घेऊन आला. हेडफोन लावला. किल्ल्या ओळीने मांडल्या आणि त्यांच्यावरून यंत्राच्या दांड्याला खाली लावलेलं तबक फिरवलं. घुर्र… घुर्र… घुर्र… पहिलीपासून शेवटच्या किल्लीपर्यंत तोच सूर. त्याने पुन्हा फिरवलं. घुर्र…

त्याने हेडफोन ओढून काढला आणि जमिनीवर आपटला. आता त्याला राग आला होता तो स्वतःचा. आयुष्यात एकदाच जी वस्तू मनापासून सोडली, ती परत हाताशी आली होती, आणि आपण तिला न बघता फेकून दिलं. एवढा तयार कान घेऊन!

युनूस चहाचा कप हातात धरून ओवरीत येऊन उभा राहिला होता.

“बाबा…” भालचंद्र किल्ल्यांच्या ओळीकडे बघत म्हणाला. “यातली माझी कोणती, तेच कळत नाही.”

बाबांनी रिकामं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“मग सगळ्या मांड.”