डागडुजीचा चुना

फार पूर्वी समुद्राच्या दोन टोकांना दोन राजे राहत होते. दोघांनीही घरापासून लांबची बेटं बळकावली होती. बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, कोण विचारतंय!

जहाजं आणि तोफा वाढवता वाढवता दोघांची दमछाक झाली, तेव्हा त्यांनी करार केला. जहाजं ठरली तेवढीच ठेवायची. बेटांवर नवा किल्ला बांधायचा नाही, जुन्याची उंची वाढवायची नाही. पडझड झाली तर डागडुजी तेवढी करायची.

त्यामुळे समोरासमोरच्या दोन बेटांना, एक या राजाचं, एक त्या राजाचं, निवांतपणा होता. इकडच्या बुरुजावरची तोफ तिकडच्या किनाऱ्यापर्यंत पोचतच नव्हती.

यातल्या एका बेटावर एक चुनेवाली होती. शिंपले भाजून चुना करायची. भट्टी तिची एकटीचीच. लेक बुरुजाखालच्या वाडीत दिलेली, आणि पोटुशी.

एक दिवस किल्लेदार भट्टीवर आला. "मावशी, चुना लागेल. डागडुजी काढलीय."

"डागडुजी? अहो, काल तुमचेच शिपाई पहारीनं धडधाकट बुरूज पाडत होते. मी काय आंधळी आहे?"

किल्लेदार हसला. "पाडला म्हणजे पडझड झालीच की! करारात बसतं सगळं. बांधताना जरासा उंच झाला, तर कोण मोजायला येतंय?"

"समोरचे बघतील ना."

"बघू देत. दबकून राहतील. तुझ्या लेकीची वाडी सांभाळायलाच बांधतोय. का तिला उघड्यावर टाकायचीय?"

लेकीचं नाव काढलं आणि बाईनं घमेलं उचललं. भट्टी विझवावी असं मनात होतं, पण हातांनी चुना भरून दिला.

बुरूज चढत गेला. लेक कुरकुरली, "आई, तुझ्या चुन्यानं माझं ऊन खाल्लं गं. सावलीत मासे वाळतात होय?"

"गप गं. तुझ्यासाठीच आहे ते."

मग एका सकाळी समोरच्या बेटावर धूर दिसला. स्वयंपाकाचा नव्हे, चुन्याच्या भट्टीचा, चुनेवालीनं लगेच ओळखला. तिकडेही डागडुजी निघाली होती. तिकडेही कुणी बाई लेकीच्या नावानं चुना भरत असेल.

ती धावत किल्लेदाराकडे गेली. "वरचे थर उतरवा हो! त्यांना दाखवून उतरवा, तेही उतरवतील."

"आता? आता उतरवला तर आपण घाबरलो म्हणतील."

तिनं भट्टीत पाणी ओतलं. पण बुरूज पुरा झाला होता, वर लांब पल्ल्याची तोफही बसली होती. समोरही तेच. वाऱ्यानं दार वाजलं तरी वाडी दचकून उठायची.

धुक्याच्या एका सकाळी कुणाची तरी तोफ उडाली. आधी कुणाची, ते आजवर ठरलेलं नाही.

दोन्ही बुरूज जागच्या जागी उभे राहिले. चुना चांगला होता. चुनेवाली मात्र बुरुजाखालच्या राखेत लेकीला हाका मारत फिरत होती.

तात्पर्य एवढंच: कराराचा शब्द आपण वाकवला की समोरचाही वाकवतो, आणि मोडतं ते भिंतीखालचं घर.