नगारची शिदोजी आणि गजराबाईचा आवाज

एका राज्यात एक नगर होतं, ते दिवसागणिक वाढत होतं. शिदोजी नगारची प्रहराप्रहराला नगारा बडवी. नगाऱ्याच्या वरताण ऐकू जावं म्हणून फेरीवाले घसा ताणत, फेरीवाल्यांच्या वरताण ऐकू जावं म्हणून वाजंत्री शिंगं फुंकत. तांबट आळीत भांडी घडवणाऱ्यांचे हातोडे चालूच असत.

एकदा एक मांत्रिक दरबारात गाऱ्हाणं घेऊन आला. तीनदा बोलला, तीनदा गोंगाटात वाया गेलं. तो संतापला. "ज्याचं बोलणं या नगरात वर्षभर कुणी ऐकणार नाही, त्याचा आवाज कायमचा जाईल." हा शाप मात्र सगळ्यांना ऐकू गेला, शापाचं तसंच असतं.

राजा घाबरला आणि 'शांतता राखा' अशी दवंडी पिटायला त्यानं शंभर डफवाले धाडले. आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच.

वर्ष सरत आलं तसे घरोघरी आवाज विरू लागले. शिदोजीची बायको गजराबाई मुळातच हळू बोलणारी. वर्ष सरायला सात दिवस उरले, तेव्हा तिचे नुसते ओठ हलत. शिदोजीचा तिच्यावर भारी जीव.

नगारखान्याच्या कमानीवर एक भारद्वाज पक्षी बसे. तो बोलत असे.

"बायकोचा आवाज वाचवायला तीन कामं करशील?" भारद्वाज म्हणाला.

"सांगा."

"चौकाचौकांत पाण्याची घंगाळं ठेव. पाणी कुठं थरथरतं ते बघ."

शिदोजीनं घंगाळं ठेवली. तांबट आळीतलं पाणी काठावरून सांडत होतं.

"दुसरं काम. तांबटांना वेशीबाहेर जागा मिळवून दे आणि मधे चिंचा लाव."

शिदोजीनं विनवल्यावर राजानं जागा दिली. तांबटांचा म्होरक्या म्हणाला, "जातो. पण आधी विहीर, मग सामान." विहीर खणली. सकाळी पेरलेल्या चिंचोक्यांची दुपारी राई झाली. हातोड्यांचा आवाज पानांतच अडकून राहिला.

तरी गजराबाईचे ओठ मुकेच. सातवा दिवस उजाडला.

"तिसरं काम?" शिदोजीनं विचारलं.

"सगळ्यांत जास्त पाणी कुठं हललं होतं?"

शिदोजीनं मान खाली घातली. "माझ्या नगाऱ्याखाली. पण पक्षिराज, सात पिढ्यांचा मान आहे हा."

"बायको एका पिढीची आहे," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला.

प्रहर भरला. शिदोजीनं टिपऱ्या हातात घेतल्या, बराच वेळ धरल्या, मग खाली ठेवल्या आणि तो रडला. खाली बाजारात फेरीवाल्यांनी सवयीनं घसा ताणला; पण वरचढ व्हायला समोर काही नव्हतं. त्यांची त्यांनाच लाज वाटली. शिंगं गप्प झाली, डफ थांबले.

शिदोजी घरी धावला. त्यानं गजराबाईच्या ओठांशी कान नेला. "बोल, गजरे. मी ऐकतोय."

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "वर्षभर सांगतेय. तुमच्या नगाऱ्याचं कातडं डाव्या अंगाला सैल झालंय. बेसूर वाजतोय तो."

ते त्यानं ऐकलं, आणि शाप तुटला. शांत झालेल्या नगरात घरोघरी लोक एकमेकांचं ऐकू लागले आणि गेलेले आवाज परत आले. राजानं फर्मान काढलं, अर्थात लिहून: नगारा सकाळ-संध्याकाळ दोनदाच वाजेल. त्याआधी गजराबाई कातडं तपासून मान डोलावी, मगच शिदोजी टिपरी उचली.

ज्यांना ही गोष्ट ऐकू आली त्यांचं भलं होवो. ज्यांना नाही आली, त्यांच्या शेजाऱ्यांनी आवाज जरा हळू ठेवावा.